अनुक्त आज्ञांचे व्याकरण : एका जुन्या खेळयंत्राच्या निमित्ताने

१

यंत्राला द्यावयाच्या आज्ञांच्या संचास ‘भाषा’ ही संज्ञा कितपत शोभते, हा वाद जुना आहे. तो येथे पुन्हा उपस्थित करावयाचा नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. व्यवहारातून केव्हाच निवृत्त झालेल्या एका यंत्रासाठी काही हौशी मंडळी आजही नवे खेळ रचीत असतात. हे करीत असताना त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतर अभ्यासूंनी त्या यंत्राच्या प्रोसेसरचे एक व्याकरण सिद्ध केले आहे. निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत ते नव्हते. हे व्याकरण कसे घडले, कोणत्या प्रमाणांवर ते उभे आहे आणि त्याचे प्रामाण्य कोठवर मानावे, या तीन प्रश्नांचा विचार येथे योजिला आहे. वर्णनपर व्याकरणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास हे तिन्ही प्रश्न परके नाहीत.

संस्कृत व्याकरणपरंपरेत वार्तिकाचे लक्षण असे सांगितले जाते की, सूत्रकाराने जे सांगितले, जे सांगावयाचे राहिले आणि जे सदोष सांगितले, त्या तिहींची चिंता ज्यात केलेली असते ते वार्तिक होय. उक्त, अनुक्त आणि दुरुक्त ही ती त्रयी. पुढील विवेचनाची मांडणी तिच्याच आधाराने केली आहे.

२

प्रथम यंत्राचा परिचय. अटारी या अमेरिकी कंपनीने १९७७ च्या सप्टेंबरात ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ या नावाने एक खेळयंत्र विक्रीस आणले. १९८२ मध्ये त्यास ‘अटारी २६००’ हे नाव मिळाले आणि १९९२ च्या आरंभी त्याचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले. घरच्या दूरदर्शन-संचाला ते जोडावयाचे, खेळाचे कार्ट्रिज खाचेत बसवावयाचे आणि खेळावयाचे, अशी त्याची योजना. आपल्याकडे १९९० च्या दशकात ‘टीव्ही गेम’ या नावाने जी यंत्रे घरोघर आली, त्यांपैकी पुष्कळशी जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ मधील ‘फॅमिकॉम’ या यंत्राच्या नकला होत्या. त्यांचा प्रोसेसर आणि अटारीचा प्रोसेसर ही एकाच कुळातील भावंडे होत.

या यंत्राची सामग्री आजच्या दृष्टीने विलक्षण तुटपुंजी आहे. खेळ चालू असताना बदलती माहिती साठविण्यासाठी त्यात अवघ्या १२८ बाइटांची जागा आहे. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीने देवनागरीचे एक चिन्ह लिहावयास तीन बाइट लागतात. म्हणजे या यंत्राच्या संपूर्ण स्मृतीत देवनागरीची ४२ चिन्हे मावतील. कार्ट्रिजमध्ये, विशेष युक्ती न योजिल्यास, ४,०९६ बाइटांचा खेळ बसतो.

परंतु खरी अडचण जागेची नसून काळाची आहे. अमेरिकी पद्धतीच्या दूरदर्शन-संचात चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेषा ओढीत वरून खाली येतो आणि सेकंदास सुमारे ६० वेळा संपूर्ण चित्र पुन्हा काढतो. बहुतेक संगणकांत हे चित्र आधी स्मृतीत तयार ठेवलेले असते. अटारी २६०० मध्ये त्यासाठी जागाच नाही. म्हणून झोत ज्या क्षणी ज्या रेषेवर असेल, त्या रेषेपुरता मजकूर त्याच क्षणी प्रोग्रॅमने पुरवावा लागतो. एका चित्रात २६२ रेषा धरल्या जातात. त्यांपैकी १९२ दृश्य आणि उरलेल्या ७० अदृश्य. एका रेषेच्या अवधीत प्रोसेसरची ७६ आवर्तने होतात. साध्यातल्या साध्या आज्ञेस दोन आवर्तने लागतात, काहींना सहा-सात लागतात. म्हणजे एक रेषा ओढली जात असताना पंधरा-वीस, फार तर पंचवीस-तीस आज्ञा पुऱ्या होतात. तेवढ्यात दोन्ही खेळाडूंच्या आकृती, त्यांचे बाण, चेंडू आणि पार्श्वभूमी यांची तरतूद करावयाची असते. हार-जीत, गुणसंख्या, टक्कर यांचा विचार अदृश्य रेषांच्या अवकाशात उरकावा लागतो.

एक आवर्तन होईपर्यंत झोत पडद्यावर तीन बिंदू पुढे सरकलेला असतो. तेव्हा आज्ञेला एक आवर्तन अधिक लागले तर आकृती तीन बिंदू उशिरा उमटते आणि ७६ ची मर्यादा ओलांडली तर सगळे चित्रच विसकटते. येथे वेळ ही आज्ञेच्या अर्थाचाच भाग आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवल्याशिवाय पुढील विवेचनातील दोन-तीन आवर्तनांचे मोल कळणार नाही.

या यंत्रासाठी नवे खेळ रचण्याची हौशी परंपरा सामान्यतः एड फेडरमायर यांच्या १९९५ मधील ‘एडट्रिस २६००’ या खेळापासून मोजली जाते. कंपनीतील प्रोग्रॅमरांच्या उपयोगासाठी स्टीव्ह राइट यांनी १९७९ मध्ये लिहिलेली मार्गदर्शिका या मंडळींना पुढे उपलब्ध झाली. २०१० मध्ये एड फ्राइज यांनी ४,०९६ बाइटांत ‘हेलो २६००’ हा खेळ बसविला आणि २०१३ मध्ये तो अमेरिकेच्या स्मिथसोनियन कलासंग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला. हौसेने चाललेल्या या उद्योगाची दखल विद्वत्संस्थांनी क्वचित घेतली आहे, म्हणून हा उल्लेख.

३

आता उक्ताचा विचार. अटारीतील प्रोसेसर ६५०७ या नावाचा. मॉस टेक्नॉलॉजी कंपनीने १९७५ मध्ये अवघ्या २५ डॉलरांना विक्रीस आणलेल्या ६५०२ या प्रसिद्ध प्रोसेसरची ही कमी पायांची आवृत्ती होय. आज्ञांच्या दृष्टीने दोहोंत भेद नाही.

प्रत्येक आज्ञा एका बाइटाने, म्हणजे आठ बिटांनी, निर्दिष्ट होते. प्रत्येक बिट शून्य किंवा एक. तेव्हा २५६ भिन्न बाइट संभवतात. निर्मात्याच्या पुस्तिकेने त्यांपैकी १५१ बाइटांना अर्थ दिला. त्या १५१ आज्ञा ५६ नावांखाली येतात, कारण एकच क्रिया निरनिराळ्या प्रकारे कर्म घेऊ शकते. उरलेल्या १०५ बाइटांविषयी पुस्तिका मौन पाळते.

या १५१ आज्ञांची रचना पाहिली असता ती यादृच्छिक नाही असे दिसते. आठ बिटांचे तीन अवयव पडतात. पहिले तीन बिट सामान्यतः क्रिया सांगतात, मधले तीन बिट कर्म कोठून घ्यावयाचे ते सांगतात आणि शेवटचे दोन बिट क्रियेचा गण ठरवितात. धातू, प्रत्यय आणि गण अशी ही विभागणी म्हटल्यास फारसे चुकणार नाही. एक उदाहरण घेऊ. प्रोसेसरजवळ ‘ए’ आणि ‘एक्स’ नावाचे दोन कप्पे आहेत. स्मृतीतील एका स्थानावरील संख्या ‘ए’ मध्ये आणण्याची आज्ञा अशी :

१०१ ००१ ०१

तीच संख्या ‘एक्स’ मध्ये आणण्याची आज्ञा अशी :

१०१ ००१ १०

पहिले दोन्ही अवयव समान आहेत, भेद केवळ गणाचा. ०१ या गणाचा संबंध ‘ए’ शी आहे. १० या गणात ‘एक्स’ शी संबद्ध अशा क्रिया आणि स्मृतीतील संख्या जागच्या जागी बदलणाऱ्या क्रिया येतात. ०० या गणात इतर संकीर्ण आज्ञा आहेत. राहता राहिला ११ हा गण. पुस्तिकेत या गणातील एकही आज्ञा नाही. त्यातील ६४ च्या ६४ जागा रिकाम्या आहेत.

४

रूपावलीत एखादी जागा रिकामी दिसली की, वैयाकरणास दोन प्रश्न पडतात : तेथे रूप संभवत नाही, की ते संभवते पण नोंदलेले नाही? उत्तर मिळविण्याचा मार्ग प्रयोगाचा. पुस्तिकेत नसलेला बाइट आज्ञा म्हणून द्यावयाचा, आज्ञेपूर्वी आणि आज्ञेनंतर सर्व कप्प्यांत काय होते ते पाहावयाचे, मग एकच घटक बदलून पुन्हा पाहावयाचे. आपण अल्पतम भेद असलेल्या जोड्या घेऊन वर्णविचार करतो, तीच ही रीत. या कुळातील प्रोसेसर वापरणाऱ्या घरगुती संगणकांच्या चाहत्यांनी १९८० च्या दशकातच या शोधास आरंभ केला होता.

निष्कर्ष लक्षणीय निघाले. वरील दोन आज्ञांच्या शेजारची रिकामी जागा घेतली,

१०१ ००१ ११

तर स्मृतीतील संख्या ‘ए’ आणि ‘एक्स’ या दोन्ही कप्प्यांत एकदम येते. ०१ चा अर्थ आणि १० चा अर्थ यांचा जणू समास झाला आहे. प्रोग्रॅमरांनी या आज्ञेस ‘लॅक्स’ असे नाव दिले. पुस्तिकेच्या मार्गाने हेच काम करावयाचे तर संख्या आधी ‘ए’ मध्ये आणून तेथून ‘एक्स’ मध्ये उतरवावी लागते. त्यास पाच आवर्तने लागतात, ‘लॅक्स’ला तीन पुरतात.

दुसरे उदाहरण अधिक उपयोगाचे. ११० ००१ ०१ ही आज्ञा ‘ए’ मधील संख्येची स्मृतीतील संख्येशी तुलना करते. ११० ००१ १० ही स्मृतीतील संख्या एकाने कमी करते. यांच्या शेजारची अनुक्त आज्ञा, ११० ००१ ११, संख्या एकाने कमी करून लगेच तिच्याशी तुलना करते. तिला ‘डीसीपी’ म्हणतात. पडद्यावरील आकृती कोणत्या रेषेवर सुरू करावयाची आणि कोठे थांबवावयाची, हे ठरविण्यासाठी प्रत्येक रेषेस नेमके हेच करावे लागते. दोन उक्त आज्ञांना मिळून पाच अधिक तीन म्हणजे आठ आवर्तने लागतात, ‘डीसीपी’ला पाच लागतात. दोन आकृती असतील तर रेषेमागे सहा आवर्तने वाचली. ७६ तील सहा आवर्तने ही या यंत्रावर मोठी दौलत आहे. म्हणूनच हौशी रचनाकारांच्या खेळांत ही आज्ञा आढळते.

तथापि, सर्व १०५ बाइट असे सुबोध नाहीत. ११ या गणातील ६४ वगळता जे ४१ उरतात, त्यांपैकी २७ काहीही न करता वेळ घेतात. दोन कर्माच्या स्थानावर अवलंबून चमत्कारिक संख्या लिहितात. उरलेले १२ प्रोसेसरलाच कुंठित करतात. मग यंत्र पूर्ववत सुरू करण्यावाचून गत्यंतर नसते. ११ या गणातही अपवाद आहेत. ज्या ‘लॅक्स’चे वर्णन वर केले, तिचे कर्म आज्ञेतच लिहिलेले असेल (१०१ ०१० ११), तर फल भरवशाचे राहत नाही. १०० ०१० ११ या बाइटाचे तर फल प्रत्येक चिपगणिक, किंबहुना तापमानानुसारही, बदलू शकते. उत्सर्ग सांगावा आणि त्याच्या पाठोपाठ अपवाद सांगावा, हा आपल्या शास्त्राचा क्रम येथेही चुकत नाही.

हा समास घडतो कसा? ६५०२ मध्ये सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर आहेत. चिप लहान आणि स्वस्त ठेवावयाची असल्याने, आलेला बाइट ओळखताना आठही बिट दर वेळी तपासण्याची योजना रचनाकारांनी केली नाही. ज्या क्रियेस जेवढे बिट पुरेसे, तेवढेच तपासले जातात. परिणामी ११ ने अंत पावणारा बाइट आला असता ०१ ची वाट आणि १० ची वाट अशा दोन्ही एकदम उघडतात. ‘ए’ व ‘एक्स’ हे दोन्ही कप्पे एकाच वेळी एकाच वाहिनीवर आपली संख्या मांडू लागले तर प्रत्येक बिटात शून्याचा जय होतो. कारण या जातीच्या मंडलात शून्याकडे खेचणारी शक्ती अधिक प्रबळ असते. म्हणून ‘सॅक्स’ ही आज्ञा (१०० ००१ ११) दोन्ही संख्यांत जे बिट समान एक असतील, तेवढेच स्मृतीत लिहिते. कोणी योजिलेले नसताना हे अर्थ रचनेतून आपोआप उत्पन्न झाले आहेत.

२०१० मध्ये ‘व्हिज्युअल ६५०२’ या प्रकल्पात तीन संशोधकांनी या चिपची सूक्ष्म छायाचित्रे घेतली, त्यांवरून प्रत्येक ट्रान्झिस्टरची जोडणी उतरवून काढली आणि तिचे संगणकावर चालणारे प्रतिरूप तयार केले. केवळ प्रयोग पाहून बांधलेली व्याकरणे आतील रचनेशी ताडून पाहण्याची अशी संधी भाषाशास्त्रज्ञास लाभत नाही.

५

दुरुक्ताचे एक उदाहरण पुरेसे आहे. ६५०२ मध्ये एक आज्ञा अशी आहे की, तिच्या कर्मस्थानी आणि त्याच्या पुढील स्थानी असे मिळून जे दोन बाइट असतील, ते पुढच्या आज्ञेचा पत्ता म्हणून घ्यावेत. उक्त नियम एवढाच. परंतु स्मृतीचे २५६ बाइटांचे भाग कल्पिले असून, कर्मस्थान भागाच्या अगदी शेवटी असले, तर प्रोसेसर पुढील भागात न जाता त्याच भागाच्या आरंभी वळतो. उदाहरणार्थ, ५११ आणि ५१२ ही स्थाने वाचावयाची असता तो ५११ आणि २५६ ही वाचतो. पुस्तिकेनुसार हा दोष आहे, आणि पुढे निघालेल्या ६५सी०२ या आवृत्तीत तो काढूनही टाकण्यात आला. परंतु मूळ चिपपुरते पाहिले तर हेच तिचे वर्तन आहे आणि तिचे वर्णन करणाऱ्यास ते नोंदल्यावाचून चालणार नाही.

६

या आज्ञांना काही लोक ‘बेकायदा’ म्हणतात, काही ‘अनोंदित’ म्हणतात. संज्ञांतील हा भेद वरवरचा नाही. पहिली संज्ञा पुस्तिकेस आदेश मानते, दुसरी तिला वर्णन मानते. आपल्याकडे वऱ्हाडी वक्ता ‘मी जाऊन राहिलो’ असे म्हणतो, तेव्हा प्रमाणभाषेच्या पाठ्यपुस्तकावर वाढलेला वाचक त्यास अशुद्ध म्हणून मोकळा होतो. वस्तुतः ‘जाऊन’ हे रूप आणि ‘राहणे’ हा धातू दोन्ही प्रमाणभाषेत आहेत, त्यांचा संयोग नियमित आहे आणि चालू क्रियेचा निश्चित अर्थ तो देतो. तो अनुक्त आहे, अनियमित नाही. ‘लॅक्स’ची स्थिती हीच.

परंतु येथे साम्य ताणू नये. पुस्तिकेच्या मौनाचा एक पक्ष असा की, अनुक्त म्हणजे अनुमत नव्हे. जे सांगितले नाही त्याची हमी निर्मात्याने दिलेली नसते आणि ते बदलण्याची मोकळीक तो स्वतःजवळ राखून ठेवतो. ही मोकळीक पुढे घेतलीही गेली. ६५सी०२ मध्ये अनुक्त बाइट निष्क्रिय करण्यात आले. रॉकवेल कंपनीच्या आवृत्तीत तर ‘लॅक्स’च्याच बाइटास, १०१ ००१ ११ यास, स्मृतीतील एक विशिष्ट बिट एक करण्याचा अगदी निराळा अर्थ मिळाला. ज्याने ‘लॅक्स’वर विसंबून आपला प्रोग्रॅम लिहिला, त्याचा प्रोग्रॅम नव्या चिपवर काहीतरी वेगळेच करू लागेल. बोलणाऱ्या समाजाच्या भाषेत असा एकतर्फी बदल कोणा एका कंपनीस करता येत नाही. यंत्राच्या बाबतीत पुस्तिकेचा आदेशपक्ष म्हणून निराधार नाही.

अटारी २६०० पुरता हा आदेशपक्ष दुर्बळ ठरतो, याचे कारण ते यंत्र मृत आहे. त्याची नवी चिप निघावयाची नाही. जी चिप होती तिचेच वर्तन हा अंतिम पुरावा. हौशी रचनाकार निःशंकपणे ‘डीसीपी’ वापरतो तो या भरवशावर.

७

मात्र हा भरवसा किती काळ टिकेल? मूळ यंत्रे झिजत चालली आहेत आणि चित्रनलिकेचे दूरदर्शन-संच बाजारातून नाहीसे झाले आहेत. आज पुष्कळ लोक हे खेळ मूळ यंत्रावर खेळत नाहीत; त्या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या, इम्युलेटर नावाच्या प्रोग्रॅमांतून खेळतात. ‘स्टेला’ हा त्यांतील प्रमुख. ब्रॅडफर्ड मॉट यांनी तो १९९० च्या दशकात सुरू केला आणि पुढे स्वयंसेवकांनी वाढविला. अटारी या नावाने २०२३ मध्ये ‘२६००+’ हे यंत्र विक्रीस आले. त्यात जुने कार्ट्रिज बसते, पण आत ६५०७ नाही. आत आहे तो ‘स्टेला’.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. सूत्रकाराने जे सांगितले नव्हते, ते वार्तिककारांनी नोंदले, आणि आता त्यांच्या नोंदीवरून यंत्रच नव्याने घडविले जात आहे. इम्युलेटर रचणाऱ्याने केवळ पुस्तिकेतील १५१ आज्ञा प्रमाण मानल्या असत्या, तर ‘डीसीपी’ वापरणारा प्रत्येक खेळ त्यावर अडला असता. त्याने अनुक्त आज्ञा उतरविल्या म्हणून ते खेळ चालतात. परंतु त्याच न्यायाने, त्याच्या वर्णनात एखादी चूक राहिली आणि तिच्याशी ताडून पाहावयास मूळ चिप उरली नाही, तर ती चूक ही चूक राहणार नाही. तोच त्या यंत्राचा नियम होईल, आणि पुढील रचनाकार त्या नियमास धरून नवे खेळ रचतील. पाणिनी, कात्यायन आणि पतंजली या मुनित्रयात उत्तरोत्तर मुनीचे प्रामाण्य अधिक मानण्याचा संकेत आहे. येथे तो संकेत अक्षरशः अमलात आला आहे.

अस्तंगत होत असलेल्या बोलींचे वर्णन करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. शेवटचा वक्ता गेल्यानंतर त्या बोलीविषयी जे काही म्हटले जाईल ते आपल्या टिपणांच्या आधारे म्हटले जाईल. टिपणात जे नसेल ते बोलीत नव्हते असे मानले जाईल. आपण प्रमाणभाषेच्या सवयीने जे ‘दुरुस्त’ केले असेल ते बोलीचे मूळ रूप ठरेल. हौशी मंडळींनी यावर स्वीकारलेला उपाय साधा आहे. कोणती आज्ञा स्थिर, कोणती अस्थिर, कोणती केवळ विशिष्ट चिपवरच तपासलेली, हे ते प्रत्येक नोंदीपाशी लिहून ठेवतात. निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ ते होऊ देत नाहीत. अपवाद गैरसोयीचा आहे म्हणून तो गाळीत नाहीत. ज्या १२ आज्ञांनी यंत्र कुंठित होते, त्यांचाही तक्ता त्यांनी पुरा केला आहे, कारण काय म्हणता येत नाही हेही व्याकरणानेच सांगावयाचे असते. आपल्या विभागातील बोली-सर्वेक्षणाच्या टिपणवह्यांत प्रत्येक रूपापुढे ‘ऐकले’, ‘विचारून मिळाले’ आणि ‘अनुमानिले’ असे तीन स्वतंत्र रकाने ठेवले, तर या अभ्यासाचा आपल्याला प्रत्यक्ष उपयोग झाला असे म्हणता येईल.